चुन्याची निवळी

रंग लवकर बदलायला लागलाय, अहो. तुमच्या मागे पहिल्यांदा माशांच्या टाकीचं पाणी तपासलं तेव्हाच लक्षात आलं. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, त्यात निळं औषध टाकलं आणि तुम्ही करायचात तसे दुसऱ्या बाटलीतले थेंब एकेक करून सोडायला लागले. पूर्वी थेंब सोडता सोडता तुमचं बोट अवघडायचं, तेव्हा कुठे निळ्याचा गुलाबी व्हायचा. आता हात बसायच्या आतच गुलाबी. म्हणजे पाण्यातली क्षारता उतरलीय, एवढं मला समजतं. उतरलीय तर काय करायचं, हे तुम्हाला समजायचं. आपली वाटणीच तशी होती, आणि ती बदलावी असं दोघांपैकी कोणाला सुचलं नाही.

लोकांना वाटायचं काय जोडी आहे, नवरा थेंब सोडतो आणि बायको नळी उजेडाकडे धरते. खरी गोष्ट आपल्या दोघांतच होती. तुम्हाला तो निळा आणि तो गुलाबी एकच दिसायचे. ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून सगळी नोकरी काढलीत ती पोरांच्या डोळ्यांवर. "सांगा पाहू, झाला का रंग?" असं करड्या आवाजात विचारायचात, आणि पोरांना वाटायचं सर परीक्षा घेताहेत. घरी तुमची परीक्षा मी घ्यायचे. कधी मुद्दाम गप्प राहायचे, तुम्ही थेंब जास्त टाकून बसायचात आणि मग सगळं पहिल्यापासून करावं लागलं म्हणून फणफणायचात. माझं फॉल-पिकोचं दुकान. दिवसभर साडीच्या काठाला दोरा जुळवायचा; राणी वेगळा, गुलबक्षी वेगळा, आमसुली वेगळा. अशा बाईला तुम्ही निळा आणि गुलाबी एवढ्या दोनच रंगांवर बसवलं होतंत.

मला कळलं कसं, ते आठवतं का? लग्नानंतर बल्लारशाहून गाडीनं विशाखापट्टणमला गेलो होतो. समुद्र मी पहिल्यांदा पाहत होते आणि तुम्हीही. पण तुम्ही समुद्र सोडून तिथल्या मत्स्यालयात एका काचेसमोर जाऊन उभे राहिलात. आत प्रवाळ होतं. "हा कोणता रंग होय?" मी म्हटलं, गाजरी. "अन् हा?" चिंतामणी. "अन् कडेकडेनं?" मोरपंखी. तुम्ही विचारत राहिलात, मी सांगत राहिले. नवीन लग्न, मला वाटलं बोलायला निमित्त काढताय. बऱ्याच वेळानं तुम्ही हळूच म्हणालात, "मले हे सगळं एकच दिसून राह्यलं. तू सांगतेस तं वेगळं वाटते." त्या एका वाक्यावर मी तुमच्याशी सगळा संसार केला असं म्हटलं तरी चालेल. हे तुम्हाला कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही आणखी एक टाकी आणली असती.

तर आपल्या घरात समुद्र आला तो असा. घर मूलमध्ये, चहूकडे धानाच्या बांध्या आणि राइस मिला, आणि समोरच्या खोलीत निळ्या उजेडात खारं पाणी. मूल गावात राहून यांना मूल नाही, हा विनोद आपण बरीच वर्षं ऐकला, आणि प्रत्येक करणाऱ्याला वाटायचं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. टाकी आल्यावर लोकांनी तिचाही संबंध त्याच्याशी जोडला. संबंध काही नव्हता. मुलं असती तरी तुम्ही टाकी आणलीच असती, आणि मुलांना बाजूला सरकवून तिच्यासमोर बसला असता.

पहिल्या दिवशी तुम्ही समजावलं ते मला अजून पाठ आहे. प्रवाळ हे झाड नाही, जीव आहे. तो पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतो आणि स्वतःची हाडं बांधतो. नुसतं कॅल्शियम असून भागत नाही, क्षारताही लागते. दोन्ही बरोबरीनं संपतात आणि बरोबरीनंच भरून द्यावी लागतात. घाईघाईनं एकदम दिलं तर दोन्ही एकमेकांना धरून पांढरा गाळ होऊन खाली बसतात आणि प्रवाळाच्या वाट्याला काहीच येत नाही. "आकडा जरा कमी असला तं चालते," तुम्ही म्हणायचात, "पन हलता नाई पाह्यजे." कॅल्शियम म्हणजे मी आणि क्षारता म्हणजे तू, असंही एकदा लाडात येऊन म्हणाला होतात. मी विचारलं होतं, क्षार माझ्याच वाट्याला का?

दोन्ही एकत्र देणारी वस्तू म्हणजे चुन्याची निवळी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असते तीच. शुद्ध केलेला चुना फिल्टरच्या पाण्यात ढवळायचा, बरणी झाकून ठेवायची, चुना तळाशी बसला की वरचं निवळ पाणी तेवढं बारीक नळीनं थेंबथेंब टाकीत सोडायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी डोळ्यांदेखत आटायचं. आटलेल्या पाण्याच्या जागी तुम्ही ही निवळी भरायचात. तळाचा गाळ टाकीत जाता कामा नये, हा तुमचा कायदा. त्यासाठी तुम्ही बरणीला धक्का लागेल म्हणून मला त्या कोपऱ्यात झाडूसुद्धा मारू द्यायचा नाहीत. पण बोलताना एवढं लांब नाव कोण घेतो? तुम्ही म्हणायचात, "चुना टाकून येतो." मीही तेच म्हणायला लागले. आपल्या भागात चुना म्हटलं की माणसाला आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा आठवतो. शेजारी हसायचे, "सर टाकीले खर्रा चारून राह्यले." तुम्हीही त्यांच्याबरोबर हसायचात. निवळी हा शब्द हळूहळू घरातून गेलाच.

मामाजींना ही टाकी कधी पटली नाही. जन्म तलावात जाळं टाकण्यात गेलेला तुमचा बाप. त्यांच्या लेखी मासा एक तर पाण्यात असतो नाही तर पातेल्यात. "खाचा नाई तं मासा कायले पाळतेस?" ते ओसरीवरूनच विचारायचे. मी टाकीसाठी मीठ कालवत होते तेव्हा ते एकदा डोकावले आणि म्हणाले, "मिठाच्या पान्यात मासा तं घातला, आता चूल तेवढी पेटवाची राह्यली." तुम्ही त्यांना प्रवाळ जिवंत आहे हे पटवून द्यायला बसायचात.

"जित्तं हाये तं हालत काऊन नाई?"

"हालते बाबा. बारीक हालते."

"तं मंग तूच पाय."

असं म्हणून ते निघून जायचे. हा वाद मिटला नाही. दोघांचाही आवाज कधी चढला नाही, आणि तेच मला खटकायचं. एकदा कडाडून भांडला असता, चार दिवस अबोला धरला असता, तर त्यांनाही आज धरायला काहीतरी असतं. आता त्यांच्या हातात फक्त चेष्टा उरलीय. बाप मुलाशी आयुष्यभर चेष्टेतच बोलला, असं त्यांना वाटत असणार. ते बोलत नाहीत, पण मला दिसतं.

मग ताप आला. ताप आपल्याकडे येतो आणि जातो, म्हणून आधी गोळीवर राहिलात. मग चंद्रपूरला नेलं. तिथे रोज सकाळी एक कागद यायचा, त्यावर रक्तातले आकडे. तुम्ही पडल्या पडल्या तो मागून घ्यायचात. मला त्यातलं काही कळायचं नाही, मी तुमच्या तोंडाकडे बघायचे. एका सकाळी कागद उशाशी ठेवून तुम्ही म्हणालात, "हलून राह्यले आकडे." मी म्हटलं, डॉक्टर बघतील, तुम्ही झोपा. त्यावर तुम्ही विचारलंत, "टाकीले चुना टाकला का कोनी?" माझं डोकंच फिरलं. इथे तुमचं काय चाललंय आणि तुम्हाला टाकीचं पडलंय, असं काहीतरी बोलले. तुम्ही म्हणालात, "टाकजो." किती टाकायचा, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही परत येणार नाही हे मीच मान्य केल्यासारखं झालं असतं.

तुम्ही नेहमी म्हणायचात, सगळं शिकून घे. मी म्हणायचे, मला नाही शिकायचं, मी सगळंच करायला लागले तर तुम्ही कशाला? हा वाद आपला अर्धवट आहे. तुम्ही नीट शिकवलं नाहीत की मी नीट शिकले नाही, यावर भांडायला आता समोर कोणी नाही. मी एकटीनं दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. दोन्ही वेळा तुम्हीच जिंकता आणि मला त्याचाच राग येतो.

तुम्हाला घरी आणलं त्या दिवशी तुमच्या आत्याबाईंनी घरातलं भरलेलं पाणी ओतायला लावलं. मयताच्या घरातलं पाणी ठेवत नाहीत, सगळेच ओततात, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. बायकांनी माठ ओतला, हंडे ओतले, बादल्या ओतल्या. मग तुम्ही बदलायला कालवून ठेवलेला खाऱ्या पाण्याचा ड्रम ओतला. मग निवळीची बरणी. तुम्ही जिला धक्का लागू द्यायचा नाहीत ती बरणी कोणीतरी उचलली, हलवली, आत पांढरं काय आहे ते पाहिलं आणि मोरीत उलटी केली. मी भिंतीला टेकून सगळं बघत होते. थांबा म्हणायला तोंड उघडलं असतं तर त्यातून दुसरंच काही बाहेर आलं असतं. नंतर त्या टाकीजवळ आल्या. "हेही पानीच होय ना, आत्याबाई?" कोणीतरी विचारलं. आत्याबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. ते दोन नारिंगी पट्ट्यांचे मासे त्यांच्याकडे तोंड करून आले. "जीव हाये याच्यात," त्या म्हणाल्या. "जिवाचं पानी सांडत नाई. राहू द्या." त्या बाईशी माझं कधी पटलं नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवसानंतर मी त्यांना काही म्हणणार नाही.

वैनगंगेवर जाऊन आलो, दहावं झालं, पाहुणे गेले. घरात मी, मामाजी आणि टाकी. आटलेल्या जागी मी साधं फिल्टरचं पाणी भरत होते, तेवढं मला येत होतं. पण त्यात चुना नाही, त्यामुळे क्षारता उतरत चाललेली. प्रवाळाच्या ज्या फांद्यांची टोकं जांभळी होती ती फिकी पडायला लागली. नागपूरचे तुमचे मित्र, ज्यांच्याकडून तुम्ही पहिलं प्रवाळ डब्यात घालून बसमधून मांडीवर आणलं होतं, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, टाकी किती लिटरची आहे?" मला कुठे माहीत. "मग माप तरी घेता येईल का?" माप घेता येतं म्हटलं. ब्लाऊजची टेप लावून लांबी, रुंदी, उंची सांगितली. ते म्हणाले, हिशेब करून उद्या सांगतो, तोवर चुन्याला हात लावू नका, ते काम हळूहळूच करायचं असतं. फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

संध्याकाळी पुन्हा एकदा पाणी तपासायला बसले. नळी खिडकीकडे धरली आणि वळून पाहते तर मामाजी खोलीच्या दारात उभे. आत कधी न येणारा माणूस.

"तूच पाह्यतेस का रंग?" त्यांनी विचारलं.

"हो मामाजी."

"त्याले दिसे नाई."

मी थेंब टाकायची थांबले. हे गुपित माझं एकटीचं आहे असं मी इतकी वर्षं समजत होते.

"लहानपनी त्याले तलावावर नेलो," ते चौकटीला धरून म्हणाले. "म्हटलं, पाय बरं, पानी हिरवं झालं का. आम्ही त्या रंगावरूनच मासोळीचं बीज सोडतो ना. त्याले सांगताच ये नाई. मले वाटलं पोरगं खोटं बोलून राह्यलं. दोन रपाटेही देल्लो. मंग समजलं. मंग म्हटलं, याले जाळ्यावर नाई ठेवाचं, शाळेत घालाचं." मग म्हणाले, "आंबा पिकला का नाई ते मलेच इचारे."

तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत. माझ्या आधी तुमचा डोळा तुमचा बाप होता, हे सांगायला काय हरकत होती? मी काही रुसले नसते. रुसले असते, पण थोडीच.

ते पुढे आले. काचेतून आत पाहत म्हणाले, "आता काय कमी हाये याच्या पान्यात?"

आणि मी तुमचाच शब्द वापरला. बोलायची सवय, दुसरं काय. म्हटलं, "चुना कमी पडून राह्यला, मामाजी."

त्यांनी मान हलवली. चुना त्यांना समजतो. तलावात बीज सोडायच्या आधी चुना मारतात, पाणी रोगट झालं की चुना मारतात. तुमच्या समुद्राच्या शास्त्रातला एवढा एकच शब्द त्यांच्या ओळखीचा निघाला. मला त्या वेळी बरं वाटलं. वाटलं, जन्मभर नाही तर निदान आता तरी दोघं एका भाषेत बोलताहेत.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेले. बायका येऊन जवळ बसून गेल्या, साड्या कोणी आणल्या नाहीत. दुपारी परत आले तर समोरच्या खोलीत टाकीच्या जागी ताकाचं भांडं ठेवावं तसं पांढरंफटक. आतलं काही दिसत नव्हतं. मामाजी शेजारी उभे, दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे, कपाळावरही एक बोट उमटलेलं. "सोसायटीतून आनलो," ते म्हणाले. "तलावाचा चुना. पानठेल्यावरचा नाई, चांगला भाजका हाये. आता पाय कसं होते ते." त्यांच्या तोंडावर असा आनंद मी तुमच्या नोकरीच्या वेळीसुद्धा पाहिला नव्हता. त्या उन्हात म्हातारा माणूस पार मच्छीमार सोसायटीच्या गोदामापर्यंत पायी गेला होता. मुलासाठी काही करायला त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि तेही मुलगा गेल्यावर.

मी काय बोलायला हवं होतं, तुम्ही सांगा. मी म्हटलं, "हात धुऊन घ्या मामाजी, चुना झोंबते."

फोनवर तुमचे मित्र हळहळले. म्हणाले, एवढा चुना एकदम पडला की पाणी जळजळीत होतं, आणि कॅल्शियम-क्षारता दोन्ही गाळ होऊन बसतात. आता काढून घेण्यासारखं काही नाही. बदलायला खारं पाणी तयार आहे का? मी म्हटलं, ओतलं. ते म्हणाले, मी मिठाचं पोतं पाठवतो, तोवर काहीही टाकू नका, कितीही वाटलं तरी हात लावू नका. तुम्हीही असंच सांगितलं असतं हे मला माहीत आहे. पण काही करू नका हे ऐकणं किती कठीण असतं. दवाखान्यातही मला शेवटी तेच सांगितलं होतं.

पाणी निवळलं तेव्हा दोन्ही मासे काचेच्या तळाशी होते. मामाजींनीच ते काढले. आयुष्यात इतके मासे पाण्याबाहेर काढलेल्या माणसानं ते दोन बोटाएवढे मासे ओंजळीत घेतले आणि अंगणात खड्डा करून पुरले. फांद्यांवरची कातडी सुटून पाण्यात तरंगत होती, आणि खाली उघडी पडलेली पांढरी हाडं. जी तुम्ही थेंबाथेंबानं वाढवलीत. रोज सकाळी मी समोर बसायचे आणि गेलेलं एकेक ओळखायचे. कोणतं कुठलं, ते रंगावरून मला कळायचं. आता सगळ्यांचा रंग एकच. तुम्हाला दिसायचं ते असंच होतं का हो?

सगळं गेलं असं मी धरूनच चालले होते. मग एका सकाळी मागच्या दगडाच्या सावलीत काहीतरी उघडलेलं दिसलं. प्रवाळाचीच करंगळीच्या नखाएवढी मऊ, गोल फुलं, जेमतेम चार-पाच. कडेला मोरपंखी, आत चिंतामणी. मी काचेला डोकं टेकून रडले, मोठ्यानं, तुमच्यासाठी रडले नव्हते तशी. मित्रांना फोटो पाठवला. ते म्हणाले, चिवट जात आहे, वाचेल, पोतं उद्या निघतंय. फक्त आता चुन्याचा कणही पडू देऊ नका, दुसरा धक्का ते सोसणार नाही.

त्या रात्री मामाजी ताटावर बसले आणि भात कालवून तसेच थांबले. मासे पुरल्यापासून त्यांचं जेवण असंच चाललं होतं. कालवायचं आणि उठायचं.

"बाई," ते म्हणाले, "एक इचारतो. खरं सांग."

"काय मामाजी?"

"माह्या हातानं गेलं का ते?"

त्यांनी वर पाहिलं नाही. भाताकडेच पाहत होते. मला तुमच्या दोघांचा तो न मिटलेला वाद आठवला, तलावावरचे ते दोन रपाटे आठवले, आणि मनगटापर्यंत पांढरे झालेले ते हात. मी म्हटलं, "नाई मामाजी. चुन्यानं नाई झालं. चुना चांगलाच असते. ते आधीपासूनच खराब होत होतं. उलट जे वाचलं ते चुन्यानंच वाचलं." त्यांना दगडामागची ती फुलं दाखवायला नेलं. ते खाली वाकून बराच वेळ पाहत राहिले. "हालून राह्यलं," ते म्हणाले. मग येऊन जेवले. पुन्हा भात मागून घेतला.

आज सकाळी मी अंगण झाडून आत आले तर मामाजी टाकीजवळ उभे होते. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. डाव्या हाताच्या मुठीत चुना. माझ्याकडे पाहून ते ओशाळवाणं हसले. "तूच म्हटली ना का चुन्यानं वाचलं म्हनून. म्हटलं, आनखी थोडा द्यावा." मग काचेकडे वळून, तुम्हाला हाक मारायचे त्या आवाजात म्हणाले, "घे रे बाबू."

अहो, बाबू त्यांनी तुम्हाला माझ्यादेखत कधी म्हटलं नव्हतं. एक शब्द बोलायचा होता, नको म्हणून. तो बोलले असते तर काल सांगितलेलं खोटं होतं हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असतं. मी दगडामागे पाहिलं. ती फुलं उघडलेली होती. मी मामाजींकडे पाहिलं. टाकीवरचं काचेचं झाकण जड आहे, आणि त्यांचा एक हात भरलेला, त्यांना ते उचलेना. मी पुढे गेले आणि झाकण उचलून धरलं.